परदेशची आरोग्यविद्या आणि आपली ओसरी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. परंतु हा इतिहास बाळंतिणीचा आणि तान्ह्या बाळाचा आहे, शिवाय तो आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. म्हणून धीर करून लिहिते.

हल्ली कॉलेजातल्या काही मुली उन्हाळ्याच्या सुटीत काही आठवडे परदेशी विद्यापीठात जाऊन ‘जागतिक आरोग्य’ नावाचा विषय शिकून येतात. हे ऐकले की बायका विचारतात, डॉक्टरकी न शिकता आरोग्य कसले शिकायचे? आणि त्यासाठी सातासमुद्रापलीकडे कशाला जायचे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. पवनारहून दोन-तीन कोसांवर सेवाग्राम आहे; तिथे ते सापडते.

आपल्याकडून परदेशी जाऊन वैद्यकी शिकलेल्या पहिल्या बाई म्हणजे आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, कल्याणचा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. बाईमाणसाला दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे दुःख त्यांच्या मनात घर करून बसले. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु त्या परतल्या त्याच आजारी होऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाईंनी शिकली ती वैद्यकी. म्हणजे रोगी समोर आला की त्याला बरे करण्याची विद्या. परंतु मुळात रोगी होऊच नये, झालाच तर वेळेत कळावे, आणि एका माणसाऐवजी साऱ्या गावाची प्रकृती पाहावी, ही विद्या निराळी. तिला सार्वजनिक आरोग्य म्हणतात. पाणी, शौचकूप, लस, आहार, बाळंतपण हे तिचे विषय. आणि जन्म किती, मृत्यू किती, कशाने झाले, ही मोजदाद तिचा पाया. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विद्येची स्वतंत्र शाळा १९१६ साली निघाली. आपल्या भागाचा संबंध येतो तो या शाळेशी.

सेवाग्रामच्या डॉ. सुशीला नय्यर यांचे नाव आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. त्या पंजाबच्या. दिल्लीला डॉक्टर झाल्या आणि १९३९ साली सेवाग्रामला आल्या. लगेच वर्ध्याकडे पटकीची साथ आली, तेव्हा त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जवळजवळ एकटीने ती साथ हाताळली. पुढे पुण्याच्या आगाखान महालात गांधीजी आणि कस्तुरबांसोबत त्याही कैदेत होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच गेल्या. सुटून आल्यावर सुशीलाबहेनांनी सेवाग्रामला छोटासा दवाखाना काढला. त्याचेच १९४५ साली कस्तुरबा रुग्णालय झाले.

गांधीजी गेल्यावर त्या अमेरिकेला गेल्या आणि बाल्टिमोरच्या त्याच शाळेतून सार्वजनिक आरोग्याच्या दोन पदव्या घेऊन १९५० साली परत आल्या. ध्यानात घ्या, त्या आधीच डॉक्टर होत्या. पटकीची साथ हाताळलेल्या होत्या. तरीही त्यांना पुन्हा विद्यार्थिनी व्हावेसे वाटले. १९६२ ते १९६७ त्या केंद्राच्या आरोग्यमंत्री होत्या. एवढे पद भूषवूनही शेवटी काम उभे केले ते सेवाग्रामातच. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथला रिवाज असा की, नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचे, मग एकेक तुकडीने एकेक गाव दत्तक घ्यायचे आणि प्रत्येकाने वाट्याला आलेल्या कुटुंबांच्या घरी जायचे. डॉक्टर होणाऱ्या मुलाने आधी आपल्या ओसरीवर बसावे, पाणी कुठून आणता, चूल कशी आहे, बाळाला काय भरवता, हे विचारावे, अशी ही शिकवण. ‘बडी बहेनजी’ २००१ साली निवर्तल्या. महाविद्यालय चालू आहे.

त्याच शाळेत नगर जिल्ह्यातल्या जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नीही शिकले आणि १९७० साली जामखेडला येऊन राहिले. त्यांनी गावोगावच्या साध्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, निवडून त्यांना आरोग्यसेविका केले. आता परदेशातले विद्यार्थी शिकायला जामखेडला येतात.

तिसरे नाव डॉ. अभय बंग यांचे. ते तर वर्ध्याकडचेच. सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत शिकलेले. त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग चंद्रपूरच्या. दोघांनी १९८४ साली बाल्टिमोरची पदवी घेतली आणि १९८६ साली गडचिरोलीत काम मांडले. राणीबाईंनी दोन खेड्यांतल्या बायकांची तपासणी केली. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रियांचे काही ना काही दुखणे निघाले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले, तेव्हा जगाला ते नवीन वाटले. आपल्याला नवीन वाटले नसते. पण आपण ते कधी कोणापाशी बोललो नव्हतो, आणि कोणी मोजलेही नव्हते.

नंतर त्यांनी तान्ह्या बाळांचे मृत्यू मोजले. भगिनींनो, हे मोजणे किती अवघड! आपल्याकडे बारशाआधी बाळाला नाव नसते. नाव नाही म्हणून आठवणीतही जागा नाही. माझ्या सासूबाईंना मुले किती झाली असे विचारले तर त्या चार सांगत. आणखी दोन बारशाच्या आत गेली होती, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळले. कोणत्याही कागदावर ती दोन नसतील. जी मोजलीच नाहीत, ती वाचवायची कशी?

गडचिरोलीत असे दिसले की बाळे तीन-चार कारणांनी जातात: जन्मतः श्वास न घेणे, वजन कमी भरणे, अंग गार पडणे, जंतूंची बाधा होणे. यातले पुष्कळसे घरच्या घरी ओळखता येते. तेव्हा त्यांनी ३९ गावांतून पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला उबेत ठेवणे, इतकेच काय पण गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे सारे त्यांना शिकवले. ज्या दायांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी न्यूमोनिया ओळखायला मण्यांचे साधन केले. वाळूचे घड्याळ चालू असताना दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अशी सोय नसलेल्या गावांच्या मानाने या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते.

२०११ साली भारत सरकारने ही पद्धत आशाताईंच्या हाती दिली. आपल्या गावात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येते, बाळाचे वजन करते, अंगाला हात लावून पाहते. काही घरांत तिला ‘नंतर ये’ म्हणून परतवतात. तिच्या पिशवीतला तो झोळीचा काटा साधा दिसतो खरा, पण त्यामागे बाल्टिमोरचे पुस्तक आणि गडचिरोलीच्या बायकांची मेहनत आहे. आनंदीबाईंचे बाळ दहा दिवसांचे होते. आज त्या दहा दिवसांत आशाताईच्या दोन फेऱ्या होतात.

तेव्हा मुलींना परदेशी जाऊ द्यावे की नाही? माझे मत जाऊ द्यावे असे आहे. काही आठवड्यांत कोणी सुशीलाबहेन होत नाही, पण दृष्टी मिळू शकते. मात्र परत आल्यावर तिला इतकेच विचारावे, ‘बाई, आपल्या गल्लीत यंदा किती बाळे जन्मली, किती वाचली, ते तू पाहशील का?’ वर सांगितलेल्या मंडळींनी परत येऊन हाच हिशेब आधी मांडला, आणि मग तो कमी शिकलेल्या बायकांच्या हाती विश्वासाने सोपवला. सातवी शिकलेली बाई बाळाचे श्वास मोजू शकते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

येत्या वर्षी आपल्या मंडळानेही एक वही घालावी अशी माझी सूचना आहे. गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद त्यात करावी, बारशाची वाट न पाहता.