लेबलवर न छापलेला क्रम

१९६६ सालच्या अखेरीस कॅपिटल रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीने एका अल्बमची चार लाखांहून जास्त कव्हरं छापून घेतली. अल्बमचं नाव 'स्माइल', बँड 'द बीच बॉइज'. समोरच्या बाजूला फ्रँक होम्स या चित्रकाराने काढलेलं एक छोटं दुकान, त्यात विक्रीला ठेवलेली हसू. मागे बारा गाण्यांची यादी. आणि एक सूचना: गाण्यांचा बरोबर क्रम रेकॉर्डच्या लेबलवर पाहावा.

ते लेबल कधी छापलंच गेलं नाही.

'स्माइल'ची गोष्ट सहसा अशी सांगतात: एक थोर अल्बम हरवला आणि सदतीस वर्षांनी सापडला. मला ही गोष्ट पटत नाही. एखादी वस्तू सापडायला ती आधी असावी लागते. 'स्माइल'चे तुकडे होते, अल्बम नव्हता.

ब्रायन विल्सन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. डिसेंबर १९६४ मध्ये विमानात पॅनिक अटॅक आल्यावर त्याने दौरे सोडले होते. बँडमधले भाऊ आणि मित्र जगभर कार्यक्रम करायचे, हा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून गाणी करायचा. मे १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' आला, ऑक्टोबरमध्ये 'गुड व्हायब्रेशन्स' हे गाणं आलं आणि अमेरिका, ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं.

'गुड व्हायब्रेशन्स' करायची पद्धत तेव्हा विचित्र होती. गाणं सलग वाजवून रेकॉर्ड करायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या स्टुडिओत त्याचे छोटे छोटे भाग रेकॉर्ड करायचे आणि मग टेप ब्लेडने कापून चिकटवायची. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तसं. एका गाण्याला सात महिने लागले. आता ब्रायनला अख्खा अल्बम असा करायचा होता. शब्दांसाठी त्याने व्हॅन डाइक पार्क्स या त्याच्याहूनही लहान गीतकाराला सोबत घेतलं.

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअर लिहिण्याचा. तिथेही आम्ही मोठं काम छोट्या मोड्यूलमध्ये तोडतो. पण मोड्यूल वाढतात तशा त्यांच्या जोडण्या कित्येक पटींनी वाढतात. नुसते दहा तुकडे एकापुढे एक लावायचे म्हटले, तरी छत्तीस लाखांहून जास्त क्रम होतात. आज स्क्रीनवर तुकडा ओढून ऐकायचा, नाही आवडला तर मागे जायचं, सेकंदांचं काम. १९६६ मध्ये प्रत्येक प्रयोगासाठी टेपची कॉपी करा, कापा, चिकटवा, ऐका. इथेच घोडं पेंड खात होतं. 'हीरोज अँड व्हिलन्स' या एका गाण्यावर ब्रायन महिनोन्‌महिने अडकला.

बाकी अडचणीही होत्याच. २८ नोव्हेंबर १९६६ रोजी गोल्ड स्टार स्टुडिओत आगीवरची एक धून रेकॉर्ड झाली. वादकांच्या डोक्यावर अग्निशामक दलाची खेळण्यातली हेल्मेट होती. काही दिवसांत जवळपासची एक इमारत जळाली आणि आपल्या संगीतानेच आग लागली, अशी भीती ब्रायनच्या मनात बसली. बँडमधल्या माइक लव्हला पार्क्सच्या शब्दांचा अर्थ लागत नव्हता. कंपनीशी पैशांवरून कोर्टबाजी सुरू होती. १९६७ च्या वसंतात पार्क्स निघून गेला. मे महिन्यात अल्बम रद्द झाल्याची बातमी आली. सप्टेंबरमध्ये 'स्माइली स्माइल' नावाचा साधा, बराचसा घरीच रेकॉर्ड केलेला अल्बम बाजारात आला. ब्रायन हळूहळू आजारपणात आणि अंधारात बुडत गेला. मूळ टेप आपण नष्ट केल्या, असंही तो एकदा म्हणाला. त्या सुरक्षित होत्या.

पुढची काही दशकं हे भिजत घोंगडं चाहत्यांनी वाळवायला घेतलं. चोरून बाहेर आलेल्या टेप कॅसेटवर फिरू लागल्या आणि ज्याने त्याने आपापला 'स्माइल' जोडला.

२००३ मध्ये ब्रायनच्या नव्या बँडमधल्या डॅरियन सहानाजाने सगळे तुकडे लॅपटॉपवर घेतले आणि ब्रायनशेजारी बसला. हा तुकडा त्याच्यानंतर वाजवला तर? आणि हा मध्ये? जुन्या कागदावरचा एक शब्द लागेना, तेव्हा ब्रायनने पार्क्सला फोन केला आणि पार्क्स पुन्हा कामाला आला. उरलेले शब्द लिहिले गेले, गाण्यांचे तीन भाग ठरले. २० फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एकसष्ट वर्षांच्या ब्रायनने 'स्माइल' पहिल्यांदा सलग गायला. त्याच वर्षी सगळं नव्याने रेकॉर्ड होऊन अल्बम आला. त्याच्या आयुष्यातला पहिला ग्रॅमी त्याला मिळाला तो याच अल्बममधल्या त्या आगीच्या धुनेसाठी.

मग २०११ मध्ये 'द स्माइल सेशन्स' आला. या वेळी मूळ टेप, मूळ आवाज. पण क्रम कुठला लावला? २००४ चा. म्हणजे चोवीस वर्षांच्या मुलाच्या टेप एकसष्ट वर्षांच्या माणसाच्या नकाशाने जोडल्या गेल्या.

हे नीट ऐकायचं तर 'सर्फ्स अप' हे एकच गाणं घ्या. १९६६ मध्ये ब्रायनने त्याच्या पहिल्या भागाचं वादन रेकॉर्ड केलं. नंतर पियानोवर एकट्याने पूर्ण गाणं गाऊन ठेवलं. १९७१ मध्ये धाकटा भाऊ कार्ल त्या जुन्या वादनावर पहिला भाग गायला आणि पुढे ब्रायनचा जुना आवाज जोडला. २०११ मध्ये पहिल्या भागात कार्लच्या जागी ब्रायनचा १९६६ चाच आवाज डिजिटल तंत्राने बसवला. आवाज १९६६ चा, वादनही १९६६ चं, पण १९६६ मध्ये ते दोघं कधी एकत्र वाजलेच नव्हते.

याला कुणी बनावट म्हणेल. मी म्हणणार नाही. सगळे तुकडे तयार असताना फक्त क्रम ठरत नाही म्हणून काम पडून राहणं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. बाहेरून तो आळस दिसतो. पण क्रम ठरवणं म्हणजे उरलेल्या लाखो शक्यता सोडून देणं. एवढं ओझं चोवीस वर्षांच्या ब्रायनवर एकट्यावर होतं. एकसष्टाव्या वर्षी त्याच्याजवळ सोडून देता येणारं मन होतं, परत आलेला मित्र होता आणि शेजारी लॅपटॉप घेऊन धीराने बसलेला माणूस होता. 'स्माइल' तेव्हा सापडला नाही, तेव्हा पूर्ण झाला.

११ जून २०२५ रोजी ब्रायन गेला. त्याच्या मागे दोन 'स्माइल' आहेत, एक म्हाताऱ्या गळ्याचा आणि एक तरुण. आधी २००४ चा ऐका. क्रम त्यानेच ठरवला.