जडपणाची उपाधी

सायखेड्यात कांद्याचा लिलाव आटोपल्यावर चहाच्या टपरीवर मोटरसायकलींचा विषय निघाला, की निकाल आधीच लागलेला असतो. "शनिवार-रविवार लांब फिरायचंय ना? मग साडेसहाशे सीसीची घे. जड गाडी रस्त्याला बसते." हे मी इतक्या तोंडून ऐकलंय की त्याला आता कुणी मत म्हणत नाही, व्यवहारज्ञान म्हणतात. द्राक्षाचे पैसे हातात आले की पोरं याच वाक्याच्या जोरावर शोरूमची पायरी चढतात.

पूर्वपक्ष नीट मांडायचा तर त्याचे मुद्दे तीन. जड गाडी स्थिर असते. लांबच्या रस्त्याला ताकद लागते. आणि घ्यायचीच तर एकदाच मोठी घ्यावी, पुन्हा बदलायला नको.

पहिला मुद्दा सगळ्यांत पक्का वाटतो, म्हणून तोच आधी घेतो. न्यायशास्त्रात 'उपाधी' नावाची एक गोष्ट आहे. विस्तव आहे म्हणजे धूर असणारच, असं अनुमान चालत नाही. लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा लालबुंद गोळा बघा. विस्तव आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. हे ओलेपण म्हणजे उपाधी: खरं काम करणारी, पण बोलणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली अट. 'जड म्हणून स्थिर' या अनुमानाचं तेच झालंय. गाडी सरळ आणि शांत धावते ती दोन चाकांमधलं अंतर, पुढच्या फोर्कचा कल, टायर आणि सस्पेन्शन यांच्या जुळणीमुळे. रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५० सुमारे २१८ किलोंची. तिच्या चाकांमधलं अंतर १३९८ मिलिमीटर. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स अडीचशे सीसीची, वजन १६७ किलो; तिचं अंतर १४४०. पन्नास किलोंनी हलकी असलेली गाडी इथे चार सेंटिमीटरनं लांब आहे. इंटरसेप्टर डगमगते असं मला म्हणायचं नाही, ती छानच चालते. पण त्याचं श्रेय वजनाला देणं म्हणजे ओलं सरपण विसरून धुराचं श्रेय नुसत्या विस्तवाला देण्यासारखं आहे.

एक कबूल करतो. आडव्या वाऱ्यात आणि समोरून कंटेनर सुसाट गेला की बसणाऱ्या झोतात वजनाचा उपयोग होतो, हलकी गाडी तिथे जरा सरकते. कसारा घाटाच्या तोंडावर मी ते अनुभवलंय. दिवसाकाठी असे क्षण किती, हा पुढचा प्रश्न.

आता ताकद. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटरसायकलला दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ही कमाल मर्यादा. ज्या रस्त्यावर मोठं इंजिन मोकळं सोडावं असं वाटेल, तो समृद्धी महामार्ग सिन्नरजवळून जातो. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. मग ८० च्या वेगाला लागतं किती? ताठ बसलेला चालक, मागे एक माणूस, थोडं सामान असा हिशेब धरला तर हवेचा विरोध आणि टायरची घासण मिळून सात-आठ अश्वशक्तीत भागतं. इंटरसेप्टरकडे सत्तेचाळीस आहेत. उरलेल्या चाळीसचं लोणचं घालायचं का?

हाच हिशेब दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही लावावा लागतो. "आमचे लोक स्प्लेंडरवर लडाखला जाऊन आले," असं सांगणारा प्रत्येक टपरीवर एक असतोच. गेले असतील. पण स्प्लेंडरकडे आठच अश्वशक्ती. म्हणजे डबलसीट ८० ला ती सगळी जमा खर्चून बसते आणि चढावर उसाच्या ट्रकला ओलांडताना हातात काही उरत नाही. शिल्लक हवीच. अडीचशेच्या इंजिनात सव्वीस-सत्तावीस असतात, गरजेच्या तिप्पट. इतकी शिल्लक मला पुरते.

खरी मेख मात्र वेगळीच. टपरीवरचा सगळा वाद हायवे डोळ्यांसमोर ठेवून होतो आणि आपली सहल हायवेवर संपत नाही. सायखेड्याहून भंडारदरा शंभरेक किलोमीटर. सिन्नर, घोटीपर्यंत कुठलीही गाडी नेईल. त्यापुढे धरणाला वळसा घालून रतनवाडी, साम्रद, घाटघर करायचं तर भर पावसात अर्धा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये जातो. तेवढं लांब कशाला, चापडगावला नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी बघायला जा. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर काळ्या मातीचा लेप दिलेला असतो. वर एक सर पडली की तो लेप साबणासारखा होतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी सायखेड्यात शिरली होती. पाणी ओसरल्यावरचा गाळ ज्यानं तुडवला, त्याला ही माती वेगळी समजावून सांगायला नको.

अशाच लेपावर माझ्या एका मित्राची दोनशे किलोंवरची गाडी आडवी झाली. वेग माणसाच्या चालीएवढा. वळवताना एक पाय घसरला, बस्स. त्याला लागलं नाही, पण गाडी उचलायला तिघं लागलो आणि तिसरा बांधावरून हाक मारून आणावा लागला. म्हणून माझा कौल मध्यम गाडीला; पण हा 'मध्यम' शब्द सीसीत मोजायलाच माझी हरकत आहे. तो किलोंत मोजावा: एकट्यानं, चिखलात, उतारावर तोंड फिरवता येईल आणि पडली तर उचलता येईल एवढी गाडी मध्यम. माझ्यासारख्या बेताच्या अंगाच्या माणसाला ही हद्द १८० च्या आसपास लागते. अंगापिंडानं दांडग्याची अर्थातच पुढे सरकेल.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४०. वर्षातून वीसेक रविवार फिरणाऱ्यानं हा फरक 'एकदाच घ्यायची' म्हणून भरावा, हे मला पटत नाही.

मग घ्यावं काय? पाय लांब असतील तर व्ही-स्ट्रॉम एसएक्स; तिची सीट ८३५ मिलिमीटर उंच आहे आणि बुटक्याला ती चिखलात दगा देईल. वजनाचा माझाच मुद्दा इथे माझ्यावर उलटतो: पाय टेकत नसतील तर हलकेपणा कामाचा नाही. अशांसाठी बजाजची डॉमिनार २५०: वजन १८० किलो, सीट ८००, चाकांमधलं अंतर १४५३. दोन्हींचे टायर ट्यूबलेस. बाभळीचा काटा घुसला तर चाक न खोलता रबरी पट्टी खोचून घरी येता येतं. सायखेड्याच्या पंचक्रोशीत हा गुण मी पाच अश्वशक्तींच्या बरोबरीचा धरतो.

हे सगळं टपरीवर मांडून झाल्यावर एकानं शांतपणे विचारलं, "पण लग्नाच्या मांडवापुढं लावली तर कोणी वळून बघंल का?" उत्तरपक्षाकडे यावर काही उत्तर नव्हतं. मी चहाचे पैसे दिले.