'मी राहतो' आणि इंग्रजी वर्तमानकाळ : एका चुकीचा इतिहास

१/ "मी दोन वर्षांपासून नंदुरबारला राहतो." याचे इंग्रजी करताना बहुतेक विद्यार्थी 'आय लिव्ह' लिहितात. इंग्रजीला मात्र येथे 'आय हॅव बीन लिव्हिंग' हवे असते. ही चूक आळसातून होत नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/ आरंभी विद्यार्थी होते इंग्रज! कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा याव्यात म्हणून १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथील अध्यापक विल्यम कॅरे यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण रचले. ते १८०५ मध्ये छापले गेले.

३/ १८१८ मध्ये पेशवाई संपली, खानदेश कंपनीकडे गेला आणि दिशा पालटली. आता इंग्रजी शिकण्याची पाळी आपली होती. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याच्या रचनेवर इंग्रजी व्याकरणाची छाप स्पष्ट दिसते.

४/ साधा, अपूर्ण, पूर्ण अशी वर्तमानकाळाची नावे आज दोन्ही भाषांना सारखीच लावली जातात. नावे जुळली, वापर जुळला नाही. 'रोज शाळेत जातो', 'कुठे जातोस?', 'उद्या पुण्याला जातो', 'दोन वर्षांपासून राहतो' ही चारही कामे मराठी एकाच रूपावर भागवते. इंग्रजीत पहिल्याला 'गो', मधल्या दोहोंना 'गोइंग' आणि शेवटच्याला 'हॅव बीन लिव्हिंग' लागते. उलट 'माहीत आहे' यातील 'आहे' पाहून मुले 'आय ॲम नोइंग' लिहितात.

५/ आता नंदुरबारकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरोघरी भिली, पावरी, मावची बोलतात. सपाटीवर अहिराणीही ऐकू येते. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. येथील अनेक मुलांना मराठीच नवी असते आणि इंग्रजीचा काळ त्यांना त्याच मराठीतून समजावला जातो.

६/ गंमत पाहा. अहिराणीत नेहमीच्या कामाला 'करस' आणि चालू कामाला 'करी राहिना' अशी ठळक वेगळी रूपे आहेत. "काय करी राहिना?" असे रोज विचारणाऱ्या मुलाला 'डू' आणि 'डुइंग' यांतील भेद घरीच मिळालेला असतो. पण ती बोली 'अशुद्ध' म्हणून वर्गाबाहेर ठेवली, तर हाताशी असलेली शिडीच आपण काढून घेतो.

७/ कॅरेंना मराठी समजून घेण्यासाठी वैजनाथांची गरज भासली. नंदुरबारच्या वर्गात ती जागा मुलाची घरची बोली घेऊ शकते. शिक्षकाने फक्त विचारायला हवे, "तुमच्याकडे हे कसे म्हणतात?"

तुमच्या बोलीत 'मी जातो' आणि 'मी जात आहे' कसे म्हणतात? खाली अवश्य लिहा.