संगीतशाळेची भिंत

मळवली स्टेशनावर उतरले की एका हाताला भाजे, दुसऱ्या हाताला कार्ले. एकवीरेला जाणाऱ्यांना ही वाट सांगायला नको. पण गेल्या हिवाळ्यात मी तिथे गेलो तो निराळ्याच कामासाठी. माझे एक स्नेही एका विद्यापीठाच्या संगीतशाळेत इतिहासाची भिंत आखत आहेत. भिंतीवर काय घालावे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "आधी मावळात या, मग बोलू."

प्रथम भाजे चढलो. तिथल्या एका विहाराच्या ओसरीत, दाराच्या उजव्या अंगाला, हत्तीवर बसलेला एक भव्य पुरुष कोरलेला आहे. लोक त्याला इंद्र म्हणतात. त्या हत्तीच्या पायथ्याशी जी गर्दी आहे तीत कोणी बसून वीणा वाजवते आहे आणि समोर एक बाई नाचते आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. वीणा धनुष्यासारखी वाकलेली आहे. आजच्या सतारीशी किंवा रुद्रवीणेशी तिचे रूप जुळत नाही. भाज्याच्या शिल्पात तबला आहे, असेही पुष्कळ ठिकाणी छापतात. जोडीने वाजवायची चर्मवाद्ये फार जुनी खरी, पण आपला तबला घडला तो अठराव्या शतकाच्या आसपास. भिंतीवर 'दोन हजार वर्षांचा तबला' असे एकदा लिहिले की पोरे तेच घोकत बसतात. शिक्षकबंधूंनो, तुम्हांला हे ठाऊकच आहे.

जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे. त्यांतल्या काहींवर स्थविरांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे गुरूंची नावे राहिली. वीणा वाजवणाऱ्याचे मात्र राहिले नाही.

मग कार्ल्याला गेलो. तिथले चैत्य कोण्या एका राजाने बांधले नाही. वैजयंतीचा भूतपाल शेठ तिथे आहे. धेनुकाकटाचे यवन आहेत, त्यांनी खांब दिले. त्याच गावचा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. आणि दाराशी चक्क एका सुताराचे नाव आहे: सामी, वेणुवासाचा मुलगा. दाराचे काम त्याने केले, असे त्या लेखात आहे. माझे स्नेही तिथे बराच वेळ उभे राहिले.

उतरताना बडोद्याची गोष्ट निघाली. आमच्या मावळाचा बडोद्याशी संबंध जुना. सेनापती दाभाडे तळेगावचे, आणि त्यांच्या पदरचे गायकवाड पुढे बडोद्यास राज्य करू लागले. त्याच घराण्यातल्या सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळा काढली व ती मौलाबक्ष यांच्या हाती दिली. बुवांनी गाणे स्वरलिपीत मांडून पुस्तके छापली. गाणे कागदावर उतरवायचे, ही गोष्ट त्या काळच्या कित्येक उस्तादांना रुचणारी नव्हती! १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यालाच. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि ही शाळा त्यात आली.

आता अशा शाळेची भिंत आखायची म्हटले तर महाराज, मौलाबक्ष, भातखंडे हे येणारच. ते कोणी विसरत नाही. कुलगुरूंच्या तसबिरींनाही जागा लागते, आणि ती जरा मोठीच लागते. पण तंबोरे कोणी केले? बडोद्यास काही काळ गायलेले अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेस राहिले. त्या मिरजेत शिकलगार मंडळी पूर्वी तलवारींना धार लावीत. तलवारींचे दिवस गेले, तेव्हा त्यांच्यातले काही तंबोरे-सतारी करू लागले. भोपळा येई पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. तो पिकवणारा शेतकरी, जवारी लावणारा कारागीर, तबल्याची शाई भरणारा, संवादिनीची साथ करणारा, वर्गाआधी येऊन बैठक घालणारा शिपाई, ही माणसे गेली की शाळा एका दिवसात मुकी होते.

स्नेही म्हणाले, "एवढी नावे मिळायची कुठून?"

मी म्हटले, जुनी पगारपत्रके पाहा, दुरुस्तीची बिले पाहा, वाद्यांच्या आतल्या चिठ्ठ्या पाहा. ज्याचे नाव मिळणार नाही त्याच्या कामाचे नाव लिहा, आणि शेजारी जागा मोकळी सोडा, पुढेमागे सापडेल.

त्यांनी वहीत सामी सुताराचे नाव टिपून घेतले. त्यांना आता मिरजेला जायचे आहे, त्यामुळे भिंत अजून कागदावरच आहे.