हिडन वन्स

‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेम-मालिकेतील काल्पनिक गुप्त मारेकरी संघटना. यूबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ (२०१७) या गेममध्ये तिच्या स्थापनेची कथा येते. काळ इ. स. पू. पहिले शतक, क्लिओपात्राचा ईजिप्त. सीवा मरूद्यानाचा रक्षक बायेक आणि त्याची पत्नी आया हे संस्थापक. ‘ऑर्डर ऑफ द एन्शंट्स’ या छुप्या सत्ताकेंद्राशी झालेल्या संघर्षात त्यांचा मुलगा खेमू मारला गेला आणि त्या सूडातून संघटना उभी राहिली.

मनगटाखाली दडवलेले पाते हे तिचे शस्त्र. ते प्रथम वापरताना बायेकची अनामिका तुटते. याच तुटलेल्या बोटातून पुढे दीक्षेचा विधी घडला, ही कल्पना फार प्रभावी आहे. चिन्हाची गोष्टही तशीच हृद्य : बायेक गळ्यातली गरुडाची कवटी किनाऱ्यावर टाकून देतो, आया ती उचलते तेव्हा ओल्या वाळूत उमटलेला ठसा दिसतो, आणि तोच संघटनेची खूण ठरतो.

इ. स. पू. ४४ मधील सीझरवधाचे सूत्रधार ब्रूटस व कॅसियस हे गेममध्ये आयाचे सहकारी दाखवले आहेत. इतिहासात मात्र हा कट रोमन सेनेटरांचाच होता. पुढे आया ‘आमुनेत’ हे नाव घेते.