पुण्यात नदी बघायला कुठे जायचं?

आजच्या भागाचं निमित्त आहे ब्रिस्बेन. ऑस्ट्रेलियात नोकरीला गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीने तिकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी यादी केली आहे. फेरीबोटीने नदीतून फिरा, काठाकाठाने चाला, संध्याकाळी पुलावर थांबा. सगळं शहर नदीच्या हिशोबाने दाखवायचं. ती यादी पाठवून तिने विचारलं, "पुण्याची अशी करता येईल का गं?"

येईल. फक्त बोट नाही आणि नाकाला रुमाल लागेल.

पहिली गोष्ट, कधी यायचं? शहरातून वाहते ती मुठा, आणि तिच्या वरच्या अंगाला चार धरणं आहेत: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. म्हणजे मुठेत पाणी दिसणं हे पावसापेक्षा पाटबंधारे खात्यावर जास्त अवलंबून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पेपरात "भिडे पूल पाण्याखाली" अशी बातमी आली की समजायचं, नदी आली. हा बाबा भिडे पूल डेक्कनजवळ, पात्राला जवळजवळ टेकलेला. विसर्ग वाढला की सगळ्यात आधी तोच बुडतो. 'विसर्ग' आणि 'क्युसेक' हे शब्द इतक्या सहज वापरणारं दुसरं शहर मी तरी पाहिलेलं नाही.

सुरुवात कसब्याकडून करा. पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती इथेच, मुठेच्या काठी. राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटांत या भागाचं नाव येतं. शनिवारवाड्यावरून खाली उतरलं की शिवाजी पूल लागतो. 1923 साली बांधला तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव त्याला दिलं होतं. लोक त्याला अजून 'नवा पूल' म्हणतात. शंभरी उलटली तरी नवाच! दगडी कमानी बघायच्या असतील तर वरून गाडीने जाऊ नका, खाली पात्रात उतरा. तिथून काठाने ओंकारेश्वर जवळ आहे. 1738 च्या सुमाराचं, पेशवाईतलं देऊळ. पुढे लागतो लकडी पूल. आता त्यात लाकूड शोधूनही सापडणार नाही. मूळचा लाकडी पूल 1761 चा, पानिपतच्या वर्षातला असं सांगतात. हरून परतणाऱ्या सैन्याला गावातून यायची लाज वाटू नये म्हणून तो बांधला, ही कथाही सांगतात. मला ती जरा जास्तच नीटनेटकी वाटते, पण सांगायला छान आहे.

आता इथे थोडं थांबू या. कारण पुणं नदीकडे पाठ करून का बसलंय, याचं बरंचसं उत्तर लकडी पुलावर उभं राहून मिळतं.

12 जुलै 1961. पानिपतला बरोबर दोनशे वर्षं झालेली. पानशेतचं धरण मातीचं, काम अजून पूर्ण व्हायचं होतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडायचा जो बोगद्यासारखा नळ असतो, त्याचंच बांधकाम अर्धवट होतं. त्यातून जोरात पाणी वाहायला लागल्यावर वरचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या. सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला. 1879 चं ते दगडी धरण काही तास टिकलं, आणि मग तेही गेलं. त्या काही तासांत किती माणसं घराबाहेर पडू शकली, याचा मी पुष्कळदा विचार करते. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, डेक्कन, पुलाची वाडी सगळीकडे पाणी. ओंकारेश्वर पाण्यात गेलं, पण उभं राहिलं.

लोंढा ओसरल्यावर दुसरीच गंमत, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्यातून यायचं, आणि खडकवासलाच उरलं नव्हतं. गावभर चिखल आणि नळ कोरडे. लोक परत विहिरींकडे वळले, आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या नहराच्या हौदांकडे.

पुढचं पुणं या पुराने घडवलं. सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. म्हणून पाहुण्यांना माझा सल्ला असा: पेठेतल्या सत्तरी-ऐंशीच्या कुठल्याही आजी-आजोबांना विचारा, "तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत आलं होतं?" ते हात वर करून दाखवतील. पुण्यातलं हे सगळ्यात खरं संग्रहालय आहे, आणि ते दरवर्षी थोडं रिकामं होतंय.

आता ब्रिस्बेन बघा. तिथे 1974 मध्ये मोठा पूर आला. मग वायव्हनहो धरण झालं आणि लोकांना वाटलं, सुटलो. 2011 मध्ये परत शहर बुडालं आणि धरणातून पाणी कसं सोडलं यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चाललं. पण तिथली महापालिका एक काम करते: तुमच्या पत्त्यावर पुराचा धोका किती, हे घरबसल्या बघता येतं. आपल्याकडेही निळी आणि लाल पूररेषा आहेत. निळी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. पण फ्लॅट घेताना स्विमिंग पूल विचारणारी किती मंडळी पूररेषा विचारतात? 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, तेव्हा लोक झोपेत होते. धरण फुटलं नव्हतं. फक्त विसर्ग वाढवला होता.

असो. फिरायला निघालोय ना आपण. डेक्कनवरून मेट्रो पकडा. तिचे खांब चक्क नदीपात्रात आहेत आणि त्यावरून बराच वादही झाला. पण खरं सांगू का, मुठेचं इतकं सलग दर्शन दुसरीकडून होत नाही. खिडकी नदीच्या बाजूची धरा. पुढे संगमावर मुळा येऊन मिळते. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 1928 पासूनचा बोट क्लब याच काठावर आहे. या पाण्यात वल्ही मारणाऱ्या मुलांना माझा सलाम.

शेवटचा मुक्काम बंडगार्डन. इथला बंधारा 1850 चा, सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून झालेला. शेजारचा फिट्झगेराल्ड पूल 1860 च्या दशकातला, टोकांना दगडी सिंह. गर्दी फार नसते, पायी चालता येतं. नदीकाठ सुधार योजनेचं कामही याच पट्ट्यात दिसेल. एकूण 44 किलोमीटर काठ करायचा आहे. झाडं जाणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, ते यासाठीच. काठ देखणा होईल, याबद्दल मला शंका नाही. पात्र अरुंद झालं तर 1961 इतकं पाणी कुठून जाईल, हा प्रश्न मात्र त्या चकचकीत चित्रांत कुठे दिसत नाही.

सिंहांपाशी उभं राहून पाण्याची दिशा बघा. इथून पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते. सोलापूर ते पाणी पितं. उजनीच्या खाली पंढरपूर. तिथे याच नदीला चंद्रभागा म्हणतात, आणि आषाढीला पुण्यातूनच चालत गेलेले वारकरी तिच्यात स्नान करतात.