महालक्ष्म्यांची गोळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाद्रपद लागला की नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास काय, औषधांच्या दुकानांत एक ठरावीक गिऱ्हाईक यायला लागतं. बहुतेक वेळा ते पुरुष असतं. गोळीचं नाव त्याला माहीत नसतं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तो हळूच म्हणतो, "महालक्ष्म्यांच्या गोळ्या द्या." दुकानदार ओळखतो. दहा गोळ्यांच्या पट्टीतून कात्रीने सहा किंवा नऊ गोळ्या कापतो, पुडीत टाकतो आणि सांगतो, "सकाळ, दुपार, संध्याकाळ." व्यवहार संपला. ज्या बाईने त्या गोळ्या घ्यायच्या, ती घरी पुरणाची डाळ निवडत असते.

इतरत्र गौरी म्हणतात, आपल्या मराठवाड्यात महालक्ष्म्या. तीन दिवसांचा हा सण. त्यात घरच्या सुनेला नेमकी अडचण आली तर स्वयंपाकापासून ओटी भरण्यापर्यंत सगळंच अडतं, निदान तसं मानलं जातं. विटाळाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि कोणी विचारलं तर ते मी सांगतेही. पण चाळीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केल्यावर मला कळलंय की माझं मत ऐकून कुठल्या सुनेची सासू बदलत नाही. म्हणून आज त्या वादात न शिरता मी गोळीबद्दल बोलणार आहे. ती कुठून आली आणि येताना तिच्याबरोबर काय यायचं राहून गेलं, एवढंच.

तिचं खरं नाव नॉरएथिस्टेरॉन. तिचा उगम सापडतो मेक्सिकोच्या जंगलातल्या एका कंदात. बाईच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं, म्हणजे हार्मोन. गर्भाशयाचं अस्तर ते धरून ठेवतं. त्याची पातळी घसरली की अस्तर सुटतं, तीच पाळी. आपल्या विष्णुपुरीच्या बंधाऱ्याची दारं खाली असेपर्यंत गोदावरीचं पाणी थांबतं आणि दार उचललं की वाहतं, तसंच हे. १९३० च्या दशकात हे संप्रेरक जनावरांच्या अवयवांतून काढावं लागे आणि ते सोन्याहून महाग पडे. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने ते वनस्पतीतून करायचं ठरवलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मेक्सिकोत गेला. तिथल्या रानकंदातल्या एका द्रव्यापासून त्याने प्रोजेस्टेरॉन तयार केलं. सुमारे दोन किलो माल वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून तो मेक्सिको शहरातल्या एका लहानशा औषध कंपनीत घेऊन गेला, असं सांगतात. जगातल्या त्या वेळच्या साठ्याचा तो मोठा हिस्सा होता. त्यातूनच १९४४ मध्ये सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली.

पण नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं तर त्या काळी फारसं लागू पडत नसे, सुया टोचाव्या लागत. तोंडाने घेता येईल असं कृत्रिम संप्रेरक सिंटेक्सच्या प्रयोगशाळेत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी तयार झालं. कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या लुईस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या मेक्सिकन विद्यार्थ्याने ती शेवटची पायरी पार केली. तेच हे नॉरएथिस्टेरॉन. ते संततिनियमनासाठी शोधलेलं नव्हतं आणि सणासाठी तर नव्हतंच. ज्यांना अंगावरून फार जातं, ज्यांची पाळी बिघडलेली असते, अशा बायकांसाठी ते होतं. अमेरिकेत १९५७ साली त्याला परवानगी मिळाली तीही पाळीच्या विकारांवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधक गोळीत ते काही वर्षांनी आलं.

या गोळ्यांबरोबर धोकाही आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या अभ्यासांनी दाखवलं की गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या काही थोड्या बायकांच्या रक्तवाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात. १९७० साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये यावर सुनावणी झाली. साक्षीला तज्ज्ञ होते, गोळी घेणारी एकही बाई नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या तरुण बायका उठल्या आणि त्यांनी विचारलं, आम्हाला हे कोणी का सांगितलं नाही? त्या वर्षी गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात बाईला वाचता येईल असं माहितीपत्रक घालणं तिथे सक्तीचं झालं. मला तो कागद गोळीच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. आपल्या दुकानातली कात्री पट्टी कापते तेव्हा तो कागद खोक्यातच राहतो. कित्येकदा औषधाचं नाव आणि मुदतीची तारीखही उरलेल्या अर्ध्या पट्टीवर राहून जाते.

आता आपल्याकडे येते. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) शिक्षण संपवून मी १९८३ साली औश्याला दवाखाना थाटला. लातूर जिल्हा नुकताच, १९८२ मध्ये, उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. त्या वेळी एका वेगळ्या गोळीची चलती होती. डॉक्टरी बोलीत तिला ई.पी. म्हणत, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीची दोन्ही कृत्रिम संप्रेरकं एकत्र, तीही मोठ्या मात्रेत. पाळी चुकली की ही गोळी घ्यायची. दिवस गेलेले नसतील तर पाळी येते, नाही आली तर दिवस आहेत असं समजायचं. गर्भ आहे की नाही हे ओळखायची ही रीत जगभर होती. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या इझाबेल गाल या डॉक्टर बाईंनी इशारा दिला की या गोळ्यांचा आणि जन्मजात व्यंगांचा संबंध असू शकतो. तो संबंध किती पक्का, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पण लघवीच्या तपासणीने गर्भ कळत असताना गर्भावर असली औषधं मारायची गरजच काय, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ब्रिटनमध्ये ती १९७८ मध्ये बाजारातून गेली.

आपल्याकडे ती राहिली. आणि आपल्याकडे तिचा अर्थही बदलला. ती "पाळी आणायची गोळी" झाली, म्हणजे नको असलेला गर्भ पाडायची. तो तर तिने पडत नसे. गर्भ पोटात वाढत राही आणि गोळ्याही पोटात जात राहत. १९८२ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी बंदी घातली, तर कंपन्यांनी कलकत्ता आणि मुंबई उच्च न्यायालयांतून स्थगिती आणली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, जाहीर सुनावण्या झाल्या. मेडिको फ्रेंड सर्कलसारखे डॉक्टरांचे गट आणि स्त्री संघटना त्यांत हिरिरीने बोलल्या. शेवटी १९८८ मध्ये बंदी लागू झाली. सहा वर्षं!

त्या सहा वर्षांतली एक बाई माझ्या लक्षात आहे. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली, तीन मुलींची आई. चौथा महिना लागल्यावर माझ्याकडे आली. गावातल्या कोणाकडून तरी तिने दोनदा या गोळ्या आणून घेतल्या होत्या. "बाई, लेकराला काय व्हतंय का?" एवढंच ती विचारत होती. मला खात्रीने काही सांगता येईना. पुढचे पाच महिने दर तपासणीला तिचा तोच प्रश्न आणि माझं तेच गुळमुळीत उत्तर. मूल धडधाकट झालं. नाळ कापायच्या आधी तिने मान उचलून त्याच्या हातापायांची बोटं मोजली. मुलगा की मुलगी हे नंतर विचारलं.

त्याच सुमारास नॉरएथिस्टेरॉनचंही एक प्रकरण गाजलं, तेही आपल्या वाटेवरच. उदगीर, निलंग्याकडची माणसं आजारपणासाठी हैदराबादला जातात. सोलापूरकडून येणारा हमरस्ता हैदराबादेत शिरायच्या आधी पटानचेरू लागतं. तिथल्या आरोग्य केंद्रात १९८५ मध्ये बायकांना एक इंजेक्शन देण्यासाठी जमवलं होतं. नॉरएथिस्टेरॉनचंच, पण दोन-दोन महिने अंगात राहणारं, गर्भनिरोधक. ही चाचणी आहे हे त्या बायकांना नीट सांगितलेलं नव्हतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे पोचल्या, त्यांनी समजावून सांगितलं आणि बहुतेक बायका उठून घरी गेल्या. १९८६ मध्ये या संघटनेने इतर संस्थांसह सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मला त्या बातमीतलं एकच टोचलं होतं. माहिती मिळाल्याबरोबर बायकांनी निर्णय घेतला. त्यांना समजत नाही असं आम्ही डॉक्टर उगाच धरून चालत होतो.

उगाच म्हणते, कारण मीही तेच केलं होतं. १९९० च्या दशकात मी नांदेडला आले. एका सणाच्या आधी ओळखीच्या घरातले गृहस्थ आले. "घरच्यांना गोळ्या लिहून द्या, तारीख मधातच येतीय." मी दिल्या. सुनेला बघितलं नाही, काही विचारलं नाही. पूजेच्या दिवशीच तिला पाळी आली. घरात तिचा जो उद्धार व्हायचा तो झाला. गोळी विसरली असणार, मुद्दामच केलं असणार. आठवड्याने ती स्वतः आली तेव्हा कळलं की तिला क्षयाची औषधं चालू होती. त्यातलं रिफाम्पिसिन शरीरातून ही संप्रेरकं लवकर बाहेर घालवतं, त्यामुळे गोळीचा जोर उरत नाही. काही फिटांच्या औषधांचंही असंच. तिने एकही गोळी चुकवली नव्हती. चूक माझी होती. मी तिच्या घरी जाऊन सासूबाईंना तसं सांगितलंही. त्यांनी चहा दिला, विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही.

तेव्हापासून मी नवऱ्याच्या, सासूच्या किंवा भावाच्या हाती ही गोळी दिलेली नाही. बाईने स्वतः यायचं. मी जे विचारते ते असं. दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का? शंका असेल तर आधी तपासणी. पायात किंवा छातीत कधी गुठळी झाली होती का, घरात कोणाला? कारण ही गोळी मोठ्या मात्रेत घेतली की तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका थोडा वाढतो. बाळंतपणात पाय सुजून गुठळी झालेली एक बाई पुढे या गोळ्या घेऊन तिरुपतीला बसने गेली, चोवीस तासांहून अधिक बसून. परतली ती लाल, टणक पोटरी घेऊन. रक्त पातळ करायच्या औषधांनी ती वाचली. कावीळ किंवा यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, कारण न कळलेला रक्तस्राव, यांतलं काही असलं तर मी ही गोळी देत नाही.

सगळं ठीक असेल तर पाच मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. पाळी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पंधरवड्याच्या पुढे स्वतःच्या मनाने लांबवू नये. आणि या पद्धतीने घेतलेल्या गोळीने गर्भ राहणं टळत नाही, हे तर मी दोनदा सांगते. माझं हे बोलणं ऐकून कोणी दुकानात जाऊ नये. पट्टीवरची लाल रेघ चिठ्ठी मागते.

इतकं ऐकून कोणाला वाटेल की बाई गोळीच्या विरोधात आहेत. नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, कंधार-मुखेड-अहमदपूरकडून, दर हंगामात जोड्या ऊसतोडीला जातात. तिथे खाडा झाला की पैसे कापले जातात. अंगावरून जास्त जाणारी बाई फडात काय करणार? शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कितीतरी तरुण होत्या. जास्त रक्तस्रावावर नॉरएथिस्टेरॉन हे जुनं, स्वस्त औषध आहे. तपासणी करून, योग्य बाईला, महिनोन्‌महिने लक्ष ठेवून दिलं तर बऱ्याच जणींची शस्त्रक्रिया टळते. मिरामोंतेसने ते केलं होतं तेच मुळी अशा बायकांसाठी. आपल्याकडे मात्र ते सणाला पुडीतून मिळतं आणि जिला खरोखर लागतं तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तिची पिशवी काढून झालेली असते.

मुखेडकडची एक ऊसतोड बाई दोन वर्षं माझ्याकडे येत होती. कारखान्यावर जाताना मी तिला पूर्ण पट्ट्या द्यायची, कापलेल्या नाही. सोबत एका पोस्टकार्डावर तारखा आणि तिला वाचता येत नाही म्हणून तीन चित्रं काढलेली: सुजलेली पोटरी, छाती धरलेली बाई, डोळ्यांवर हात ठेवलेली बाई. यांतलं काही झालं तर गोळी बंद आणि जवळच्या दवाखान्यात. माझी चित्रकला बघून ती पोट धरून हसली होती. हंगाम संपवून ती चैत्रात परत आली तेव्हा ते पोस्टकार्ड उसाच्या रसाने चिकट झालेलं होतं. फडातल्या आणखी चार जणींनी ते मागून घेऊन बघितलं होतं, असं ती म्हणाली. त्यांपैकी दोघींना ती सोबतच घेऊन आली होती, त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या.